सुरतेच्या जुबेदा, येवल्याच्या ललिताबाई

जुन्या सिनेमातील नट्यांचा विषय चार माणसांत निघाला, की गप्पा बहुधा ठरलेल्या वाटेने जातात. ‘काय ते रूप होते!’ असा कोणीतरी सुस्कारा टाकतो. मधुबालेचे नाव निघते, नूतनचे निघते. इंग्रजी सिनेमे पाहिलेले एखादे गृहस्थ असतील तर ते ग्रेटा गार्बोपर्यंत जातात. शेवटी ‘आता तसे राहिले नाही’ यावर सर्वांचे एकमत होते. मला या सुस्काऱ्याचे वावडे नाही. परंतु इतिहास शिकविण्यात उभी हयात गेल्यामुळे एक प्रश्न मनात येतोच. आपण कौतुक करतो ते त्यांच्या छायाचित्रांचे, की त्यांच्या कामाचे? दोन अभिनेत्रींच्या कहाण्या शेजारी ठेवल्या तर हा प्रश्न स्पष्ट होतो. त्यांतील एक आमच्या सुरतेच्या आणि दुसऱ्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या.

आम्ही बमरोलीकर म्हणजे बहुतांशी खानदेशातून आलेली मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरायचे आणि लूमवर किंवा मिलमध्ये काम धरायचे, असा आमच्याकडच्या कित्येक घरांचा इतिहास. घरात अहिराणी किंवा मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. याच उधन्याहून मुंबईकडे निघालेली गाडी भेस्ताननंतर सचिन स्टेशनात थांबते. आज सचिन म्हटले की कारखाने आठवतात. एके काळी ते संस्थान होते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळू मियाँ यांनी १७९१ साली जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना देऊ केला आणि त्याच्या बदल्यात पेशव्यांकडून सचिनचा मुलूख घेतला. जंजिरा पेशव्यांच्या हाती कधी आला नाही, पण सचिनची नवाबी मात्र १९४८ पर्यंत टिकली.

या घराण्यातील नवाब इब्राहिम मुहम्मद याकूत खान यांच्याशी फातिमा बेगम या रंगभूमीवरील अभिनेत्रीचा विवाह झाला, असे सांगितले जाते. विवाहाचा कागद किंवा मुलींना नवाबांनी आपल्या म्हणून मान्य केल्याचा दाखला मात्र उपलब्ध नाही. त्यांच्या कन्या जुबेदा यांचा जन्म १९११ साली सुरतेत झाला. पुढे आई आणि सुलताना, जुबेदा, शहजादी या तिन्ही मुली सिनेमात आल्या. फातिमा बेगम यांनी १९२६ साली स्वतःची चित्रपटसंस्था काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा मूकपट दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

या पावलाचे मोल कळण्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागेल. १९१३ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढीत होते तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. नाचगाण्यावर पोट असलेल्या बायकांनीही नकार दिला. अखेर साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला लुगडे नेसवून तारामती करावी लागली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांच्या कन्या कमलाबाई मोहिनी झाल्या आणि ती कोंडी फुटली. ज्या समाजात सिनेमात काम करणे म्हणजे अब्रू गमावणे होते, त्या समाजात या मायलेकी पुढे आल्या. आज त्यांच्या रूपाची वाहवा करताना ही हिंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय सिनेमा बोलू लागला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी, नायक मास्टर विठ्ठल, नायिका सुरतेच्या जुबेदा. स्टुडिओच्या जवळून रेल्वे जात असे. गाड्यांचा खडखडाट आवाजात मिसळू नये म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर करीत. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले, अशी हकीकत आहे. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी आणि ‘नरसिंह मेहता’ हा गुजराती बोलपट आला. आपल्या दोन्ही भाषा पडद्यावर एकाच वर्षी बोलू लागल्या, ही गोष्ट आम्हा दुभाषी मुलखातल्या लोकांना विशेष जिव्हाळ्याची वाटावी. ‘अयोध्येचा राजा’तील तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. साळुंक्यांच्या तारामतीनंतर अवघ्या एकोणीस वर्षांत एवढे अंतर कापले गेले होते.

दुर्गाबाईंची तारामती आज पाहता येते. जुबेदांची आलम आरा पाहता येत नाही. त्या सिनेमाची एकही प्रत उरलेली नाही. काही छायाचित्रे, जाहिराती, गाण्यांची पुस्तिका, एवढाच काय तो ठेवा. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ही गेला. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले तीसही आज धड शिल्लक नाहीत. ही आपलीच कथा आहे असे नाही. हॉलिवूडची एके काळची मोठी तारका थेडा बारा हिचे बहुतेक सिनेमे नष्ट झाले. १९३७ साली न्यू जर्सीतील फॉक्स कंपनीच्या गोदामाला आग लागली, तिने त्यात मोठा वाटा उचलला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेट घ्यायला निमित्तच पुरे.

आगीखेरीज दुसरे कारण होते चांदीचे. फिल्मवर चित्र उमटते ते चांदीच्या क्षारांमुळे. सिनेमा जुना झाला, धंदा थांबला, की ती रिळे चांदी काढून घेण्यासाठी विकली जात. आम्हा सुरतवासीयांना हे समजावून सांगायला नको. जुन्या भरजरी साड्या विकत घेणारे फेरीवाले दारावरून जातात ते आपण पाहिले आहेत. साडी जाळायची, जरीतली चांदी काढायची, राख फेकून द्यायची. आजीच्या शालूचे जे होते तेच या सिनेमांचे झाले. चांदी मोजून घेतली गेली, पण नक्षी कोणी मोजली नाही.

याच जरीच्या धाग्याने सुरत येवल्याशी जोडलेली आहे. पैठणीची जर सुरतेहून जाते. त्या येवल्यात १९१६ साली अंबू सगुण या मुलीचा जन्म झाला. याच पुढे ललिता पवार. मूकपटांच्या काळात त्या बालवयातच सिनेमात आल्या आणि तिशीच्या दशकात देखण्या नायिका म्हणून नावाजल्या गेल्या. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड वर्मी बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. दीर्घकाळ उपचार झाले. नायिकेचे दिवस मात्र संपले.

रूप हेच भांडवल असते तर कहाणी इथेच आटोपली असती. पण ‘रामशास्त्री’मधील आनंदीबाई १९४४ सालची, म्हणजे या घटनेनंतरची. ‘श्री ४२०’मधील केळेवाली गंगामाई १९५५ ची, ‘अनाडी’तील मिसेस डिसा १९५९ ची, या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८७ साली दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’त त्या मंथरा झाल्या, तेव्हा ज्या बारीक झालेल्या डोळ्याने त्यांचे नायिकापद हिरावले होते, त्याच डोळ्याला घरोघरची मुले घाबरली. १९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

एकीचा चेहरा राहिला आणि काम गेले. दुसरीचा चेहरा गेला आणि काम राहिले. मला विचाराल तर ललिताबाई अधिक भाग्यवान. छायाचित्रातील जुबेदा सुंदर आहेत, यात शंका नाही. पण त्या बोलत कशा, चालत कशा, हे आता कोणीही सांगू शकत नाही. देशाची पहिली बोलकी नायिका आपल्यापुरती मुकीच राहिली आहे. १९८८ साली त्या गेल्या. पहिल्या बोलपटाची नायिका कोण, हे स्पर्धा परीक्षेत विचारले तर आमची मुले नाव सांगतात. ती बाई मूळची इथली, हे ऐकले की त्यांचे डोळे विस्फारतात.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले, तोवर पुष्कळ गमावून झाले होते. तरीही सगळेच सरकारवर सोडून चालणार नाही. सीमाभागातल्या आपल्या घरांत अजून जुन्या ट्रंका आहेत. त्यांत सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका निघतील, जुने दिवाळी अंक निघतील, एखादे पोस्टर घडी घालून ठेवलेले असेल. या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चित्रातल्या माणसाचे नाव, गाव आणि साल मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावे. मग ते पुण्याच्या संग्रहालयाकडे द्यावे किंवा आपल्याच गावच्या वाचनालयात जपावे.