नेढे पाडणे (एकहाती लोहारकाम)

नेढे पाडणे : हातोडा, घण, कुऱ्हाड, टिकाव यांत दांडा बसवण्यासाठी तापल्या पोलादात आरपार भोक पाडून ते मापाला आणण्याची क्रिया. भोक पाडतो तो सुंबा. ते रुंदावून आकार देणाऱ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या कांबेला कारखान्यांत ड्रिफ्ट म्हणतात. ड्रिलने पाडलेले भोक गोल येते आणि गोल भोकात दांडा फिरतो. शिवाय ड्रिल माल कापून फेकते, सुंबा तो बहुतांशी बाजूला सारतो. म्हणून हातोड्याचे नेढे लंबगोल आणि तापवूनच पाडलेले बरे.

पूर्वीच्या लोखंडात मळीचे धागे असत. असे लोखंड आडवे ठोकले की चिरे. त्यामुळे कुऱ्हाडीचे नेढे बहुधा पट्टी दुमडून आणि सांधा तापवून जोडून करत. सध्याच्या एकजिनसी पोलादात थेट सुंबा चालतो.

ही मुळात तिघांची कामगिरी : एक भात्यावर, एक घणावर आणि सांडस व सुंबा धरणारा लोहार स्वतः. घिसाडी कुटुंबांत घण बहुतेक वेळा बायकांच्या हाती असतो. रायगड जिल्ह्यात पेण-रोह्याकडे लोहाराचा खरा हंगाम मृगापूर्वीचा. भातशेतीची अवजारे, खारेपाटातील बांधबंदिस्तीची फावडी-कुदळी, कातकरी-ठाकरांचे कोयते आणि कुऱ्हाडी तेव्हा एकदमच भट्टीवर येतात. घरचा मुलगा मात्र रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईच्या वाटेवर कामाला असला, तर दुकानात उरतो एकटा लोहार. विजेच्या पंख्याने भातेवाल्याची जागा घेतली. घणकऱ्याची जागा घेणारे स्वस्त यंत्र तितक्या सहज आले नाही. यंत्रघण छोट्या दुकानाला परवडत नाही. त्यामुळे एकट्याला धार लावणे, फाळ शेवटणे जमते, खरी अडचण नेढ्याची. सांडस, सुंबा आणि हातोडा यांना तीन हात लागतात.

यावर पहिला तोडगा मालातच आहे. कांब आधी तोडायची नाही. ४० मिमी चौरस कांबेचा सुमारे ८० मिमी तुकडा एक किलोचा भरतो. पण तो हातभर लांब कांबेच्या टोकाशीच ठेवून आधी नेढे पाडले, तर कांबेचे गार टोक मांडीखाली किंवा तिवईवर टेकता येते आणि सांडशीची गरजच राहत नाही. नेढे बिघडले तरी तोंडे घडवण्याची मेहनत वाया जात नाही. तुकडा आधीच तोडला असेल, तर ऐरणीच्या ठोकळ्याला साखळी बांधून ती कामावरून घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगायचे किंवा ते पायाने दाबायचे. सांडशीच्या दांड्यांवर कडी सरकवली की पकड आपोआप टिकते. सुंब्यालाही लांब मूठ हवी, नाहीतर हात भाजतो.

महामार्गावरच्या गॅरेजांतून मिळणारा ट्रकचा आस हातोड्याला चांगला, कमानीचे पाटे कोयत्याला. नेढ्याची जागा गार असतानाच छिन्नीने खुणावतात, कारण खडूची रेघ आगीत टिकत नाही. माल पिवळाजर्द झाला, म्हणजे अंदाजे ११०० अंशांच्या वर गेला, की ६ × २० मिमी तोंडाचा चपटा सुंबा खुणेवर टेकवून दोन-तीन घाव घालायचे. मग काढून पाण्यात बुडवायचा. भोकात चिमूटभर कोळशाची भुकटी टाकली की सुटणाऱ्या वायूमुळे सुंबा चिकटत नाही. एकट्या माणसाच्या हातोड्याला घणाचा जोर नसतो, म्हणून घाव वाढतात आणि तापही जास्त लागतात. पोलाद लाल पडल्यावर ठोकत राहिलात तर भोक खोल जात नाही, सुंब्याचे तोंड मात्र चपटे होते. सुंबा तळाशी टणक लागला की काम उलटायचे. ऐरणीला दबून गार झालेली जागा काळ्या डागासारखी दिसते. तिच्यावरच सुंबा ठेवून जाड भोकपट्टीवर ठोकला की पातळ गुल्ली खाली पडते. डाग हेरायला वेळ फार थोडा मिळतो.

नंतर ड्रिफ्ट. तो दोन्ही बाजूंनी चालवल्याने नेढे मध्ये अरुंद आणि दोन्हीकडे किंचित रुंद राहते, त्यामुळे पाचर ठोकलेला दांडा निसटत नाही. ड्रिफ्ट आत असतानाच दोन्ही गाल ठोकून सारखे करतात. पण तो फार वेळ आत ठेवला की काम आकसून त्याला धरते.

नेढे एका बाजूला सरकणे हा सर्वांत मोठा दोष. एक गाल जाड, एक पातळ झाला की हातोडा हातात ओढतो. घणकऱ्याबरोबर लोहाराला दोन्ही डोळ्यांनी सुंब्याकडे पाहता येते. एकट्याला तेवढी उसंत नसते आणि वाकडेपणा इथूनच शिरतो. उपाय साधा पण फार थोडे करतात : पातळ गालावर पाणी ओतून तो गार करायचा आणि ड्रिफ्ट पुन्हा चालवायचा. गरम, म्हणजे जाड गालच ताणला जातो.

पाणी देताना हातोड्याची तोंडेच कडक करतात, नेढ्याभोवतीचा भाग मऊ ठेवतात. तो कडक झाला तर ठोकताना तडकतो.

केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत (प्रारंभ १७ सप्टेंबर २०२३) १८ व्यवसाय असून लोहार आणि हातोडा व अवजारसंच बनवणारे यांची नोंद वेगवेगळी आहे. योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. गावात मात्र ही दोन्ही कामे एकाच ऐरणीवर होतात.

दांड्याला धामण उत्तम, लवचीक आणि चिवट. उन्हाळ्यात लाकूड आकसून दांडा डुगडुगतो, तेव्हा लोक हातोडा रात्रभर पाण्यात टाकतात. फुगलेले लाकूड थोडे दिवस धरते, पण नेढ्यात चेपलेले तंतू सुकले की दांडा आधीपेक्षा सैल होतो. त्यावर नवी पाचर ठोकणे हाच इलाज.