उडणारा नायक पटतो, त्याचा निर्णय का पटत नाही?

दूरचित्रवाणीवरील महानायकांच्या मालिका पाहणारा प्रेक्षक मोठ्या मनाचा असतो. परग्रहावरून आलेले बालक शेतकऱ्याच्या घरी वाढते, विजेच्या लोळाने एखाद्या तरुणाच्या पायांत वाऱ्याचा वेग येतो किंवा कचेरीत काम करणारा साधा कारकून काळ थांबवू शकतो, हे सारे तो पहिल्या दहा मिनिटांत निमूटपणे मान्य करतो. मात्र हाच नायक पुढे आपल्या जिवलगांशी अकारण खोटे बोलतो, हाती असलेली शक्ती ऐनवेळी विसरतो किंवा एकदा महागात पडलेली चूक पुन्हा करतो, तेव्हा तोच प्रेक्षक संतापतो. अशक्य गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्याला ही किरकोळ वाटणारी विसंगती का सलावी? अमेरिकेत गेल्या तीन दशकांत गाजलेल्या काही मालिकांच्या आधारे या प्रश्नाचा घेतलेला हा मागोवा.

जुनाच प्रश्न, जुनेच उत्तर

हा प्रश्न दूरचित्रवाणीहून फार जुना आहे. पटण्याजोगी अशक्य गोष्ट ही न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा बरी, असा विचार ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने काव्यशास्त्रात मांडला. आपल्याकडे आनंदवर्धनाने नवव्या शतकात औचित्याचा अभाव हेच रसभंगाचे कारण मानले, तर अकराव्या शतकात क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ हा ग्रंथच या तत्त्वाला वाहिला. दोन्ही परंपरांचा आशय एकच आहे. कथेचे जग कितीही अद्भुत असले, तरी त्या जगातील माणसाने आपल्या स्वभावाला धरून वागले पाहिजे.

कालिदासाने हे नेमके ओळखले होते. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही भर दरबारात ओळख नाकारतो. त्याला धीरोदात्त नायक करायचे तर हे वागणे जुळणारे नव्हते. म्हणून कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी यांची योजना केली. नायकाच्या न पटणाऱ्या कृतीला कारण पुरवणे हे नाटककाराचे काम आहे, हे त्याने दीड हजार वर्षांपूर्वी जाणले होते. आजच्या मालिकांवर प्रेक्षकांचा जो राग आहे, तो बहुतांशी हा ‘शाप’ न पुरवल्याचा आहे.

पात्रे मूर्खासारखी वागली नाहीत तर जी कथा पाच मिनिटांत संपेल, अशा कथानकाला इंग्रजीत ‘इडियट प्लॉट’ म्हणतात. ही संज्ञा विज्ञानकथालेखक जेम्स ब्लिश यांच्या नावावर सांगितली जाते आणि चित्रपट समीक्षक रॉजर इबर्ट यांनी ती सर्वदूर पोहोचवली. मराठीत तिला ‘बुद्धी गहाण टाकलेले कथानक’ म्हणता येईल.

बेडूक खाणारी वधू

१९५२ ते १९५८ या काळातील ‘ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ किंवा १९६६ ते १९६८ या काळातील ‘बॅटमॅन’ या मालिकांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. कथा एका किंवा दोन भागांत संपे आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी होई. लुई लेन ही चाणाक्ष वार्ताहर केवळ चष्म्यामुळे सहकाऱ्याला ओळखत नाही, हा त्या खेळाचा संकेत होता आणि प्रेक्षकाने तो हसत स्वीकारला होता. आपल्याकडे दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात गाजलेल्या ‘शक्तिमान’मध्येही हाच संकेत होता. वृत्तपत्रात नोकरी करणारा बावळट गंगाधर म्हणजेच शक्तिमान, हे घरातल्या लहान मुलांना ठाऊक असे, पण त्याच्या कचेरीत मात्र त्याचा कोणाला पत्ता नसे.

मालिका वर्षानुवर्षे चालणारी सलग गोष्ट सांगू लागल्या, तेव्हा संकेताचे ओझे झाले. ‘लुई अँड क्लार्क’ या १९९३ ते १९९७ या काळात एबीसी वाहिनीवर चाललेल्या मालिकेत याचा पहिला मोठा प्रत्यय आला. मालिकेचा सारा डोलारा दोन वार्ताहरांच्या प्रेमकथेवर उभा होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांच्या विवाहाचा भाग गाजावाजा करून दाखवण्यात आला. प्रत्यक्षात क्लार्कने जिच्याशी विवाह केला ती लुई नव्हे, तर तिची बेडूक खाणारी प्रतिकृती निघाली. त्यानंतर खऱ्या लुईची स्मृती गेली आणि कथा काही भाग त्यातच फिरत राहिली.

यामागचे कारण कथेत नव्हते, ते व्यवहारात होते. सुपरमॅनच्या चित्रकथा प्रसिद्ध करणाऱ्या डीसी कॉमिक्सला हा विवाह छापील अंकात आणि पडद्यावर एकाच सुमारास हवा होता. अखेर ऑक्टोबर १९९६ मध्ये तो पार पडला. त्या भागाच्या शीर्षकातच ‘या वेळी खरोखर थट्टा नाही’ अशा अर्थाची ग्वाही द्यावी लागली. प्रेक्षकाचा विश्वास किती उडाला होता, याची ती कबुलीच होती. पुढच्याच वर्षी मालिका बंद झाली.

सांगायचे की नाही?

‘स्मॉलव्हिल’ ही मालिका ऑक्टोबर २००१ ते मे २०११ अशी तब्बल दहा पर्वे चालली. क्लार्क केंटच्या तारुण्याची ही कथा होती. निर्माते आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर यांनी सुरुवातीलाच दोन पथ्ये घालून घेतली होती. क्लार्क तो प्रसिद्ध पोशाख घालणार नाही आणि उडणारही नाही. या पथ्यांवर चाहत्यांनी फारशी कुरकुर केली नाही. त्यांची तक्रार वेगळी होती. लाना लँग हिच्यावर जिवापाड प्रेम करणारा क्लार्क वर्षानुवर्षे तिच्यापासून आपले रहस्य लपवतो, तिच्या प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरे देतो आणि तिचा विश्वास गमावल्यावर दुःख करत बसतो, हे चक्र त्यांना असह्य होऊ लागले.

लेखकांनी या तक्रारीला एकदा समर्थ उत्तर दिले. जानेवारी २००६ मध्ये प्रसारित झालेल्या शंभराव्या भागात क्लार्क लानाला सर्व काही सांगतो. ती त्याचा स्वीकार करते आणि त्याच दिवशी मोटार अपघातात मरण पावते. क्लार्क काळ मागे फिरवतो, तिला वाचवतो, पण या वेळी मौन पाळतो. त्या बदल्यात त्याचे वडील जोनाथन केंट यांचा मृत्यू होतो. येथे लपवाछपवीला कारण मिळाले आणि त्या मौनाची किंमतही दिसली. हा भाग आजही चाहत्यांच्या आठवणीत आहे. दुर्दैवाने पुढील भागांत मालिका पुन्हा जुन्या सबबींकडे वळली. लानाला सत्य कळायला सहावे पर्व उजाडावे लागले.

कथेत रहस्य असणे हा दोष नव्हे. कुंती कर्णाचे रहस्य अखेरपर्यंत जपते आणि त्यावर महाभारतातील एक थोर शोकांतिका उभी राहते. मात्र कुंतीच्या मौनामागे भीती आहे, लोकलज्जा आहे आणि त्या मौनाचा परिणाम रणांगणावर दिसतो. क्लार्कचे मौन अनेकदा पुढच्या आठवड्याचा भाग शिल्लक राहावा एवढ्याचसाठी होते.

शक्तीचा विसर

एनबीसी वाहिनीवरील ‘हिरोज’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. सप्टेंबर २००६ मध्ये पहिला भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. चेन्नईहून न्यूयॉर्कला जाणारा मोहिंदर सुरेश हा संशोधक तिच्यातील प्रमुख पात्रांपैकी एक असल्याने भारतीय प्रेक्षकांनाही मालिकेविषयी आपुलकी होती. पहिल्या पर्वाच्या शेवटी पीटर पेट्रेली याच्या अंगी स्फोटाची शक्ती अनावर होते आणि न्यूयॉर्क वाचवण्यासाठी त्याचा भाऊ नेथन त्याला आकाशात उंच घेऊन जातो. भावनिकदृष्ट्या प्रसंग प्रभावी होता. पण पीटरला स्वतःलाही उडता येत होते! मग भावाने प्राण धोक्यात का घालावेत? मालिकेचे जनक टिम क्रिंग यांनीही तेथे तर्काची छोटी फट असल्याचे नंतर मान्य केले.

पुढच्या पर्वात फट रुंदावली. केटलिन नावाच्या तरुणीसह पीटर भविष्यकाळात जातो, तेथे दोघांची ताटातूट होते आणि तो एकटाच परततो. पुढे ते भविष्यच टळते. केटलिनचे काय झाले, याचा उल्लेखही पुन्हा येत नाही. ज्या नायकाचा स्वभावच परदुःखाने कळवळणारा, तो प्रेयसीला असे विसरेल यावर कोण विश्वास ठेवणार? नोव्हेंबर २००७ मध्ये क्रिंग यांनी दुसऱ्या पर्वातील उणिवांबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्याच महिन्याच्या ५ तारखेला पटकथालेखकांचा संप सुरू झाला, तो १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला आणि पर्व अकरा भागांत गुंडाळावे लागले. केटलिनची कथा या गोंधळात हरवली. मालिकेचा प्रेक्षक मात्र नंतरही गळत राहिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तिने निरोप घेतला.

पुन्हा तीच धाव

‘द फ्लॅश’ ही मालिका ऑक्टोबर २०१४ ते मे २०२३ अशी नऊ पर्वे चालली. पहिल्या पर्वाच्या शेवटी बॅरी ॲलन भूतकाळात आईच्या खुनाच्या रात्री पोहोचतो. तिला वाचवणे शक्य असते, पण तो स्वतःला आवरतो आणि मरणाऱ्या आईचा निरोप घेतो. मालिकेतील हा सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग मानला जातो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, मे २०१६ मध्ये, वडिलांच्याही खुनानंतर तो पुन्हा त्याच रात्रीत जातो आणि या वेळी आईला वाचवतो.

तो बदल पुढे त्याने स्वतःच मागे घेतला, तरी जग पूर्वीसारखे राहिले नाही. मित्र सिस्कोचा भाऊ दगावला होता आणि जॉन डिगल या सहकाऱ्याच्या मुलीच्या जागी मुलगा होता. ती मुलगी कधी जन्मलीच नव्हती. ‘फ्लॅशपॉइंट’ या २०११ च्या चित्रकथेवर आधारलेल्या या कथानकावरून चाहत्यांत उभे तट पडले. आईवडील दोघेही गमावलेला मुलगा असे वागणारच, असे एकांचे म्हणणे. आदल्या वर्षी शिकलेला धडा नायक विसरला, तर त्या प्रसंगावर आम्ही ढाळलेल्या अश्रूंचे मोल काय, असा दुसऱ्यांचा सवाल.

याच मालिकेच्या पहिल्या पर्वात आणखी एक गोष्ट खटकली होती. बॅरी हाच फ्लॅश आहे, हे आयरिस वेस्टपासून तिचे वडील, मित्र आणि खुद्द बॅरी असे सारेच लपवतात. कारण एकच, तिची सुरक्षितता. आयरिस पत्रकार आहे आणि फ्लॅशविषयीच लिहीत असते. अज्ञानामुळे तिचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. लुई, लाना आणि आयरिस या तिघींच्या वाट्याला आलेली ही ‘काळजी’ पाहिली, म्हणजे अतार्किक निर्णयाची किंमत बहुधा नायिकेच्या बुद्धीतून वसूल केली जाते, असे म्हणावे लागते.

असे का घडते?

याची पहिली कारणे उत्पादनाच्या पद्धतीत आहेत. अमेरिकी वाहिन्यांवरील अशा मालिकेचे एक पर्व साधारण बावीस-तेवीस भागांचे असे. एक भाग सुमारे बेचाळीस मिनिटांचा. खलनायकाला सहाव्या भागात पकडले, तर उरलेले सोळा भाग कशाने भरायचे? म्हणून नायकाला हाती आलेली संधी सोडावी लागते. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांतील प्रेक्षकसंख्येवर स्थानिक जाहिरातींचे दर ठरत असल्याने धक्के नेमके त्याच महिन्यांत द्यावे लागत.

दुसरे कारण लेखनाच्या वाटणीत आहे. एकाच पर्वाचे भाग निरनिराळे लेखक लिहितात. शिवाय लेखक बदलतात, कलाकार मालिका सोडतात, संप होतात. तिसरे कारण नायकाच्या सामर्थ्यातच दडलेले आहे. ध्वनीहून वेगाने धावणाऱ्याला हातात बंदूक घेतलेला चोर कसा अडवणार? नायक जितका बलवान, तितका त्याला संकटात टाकणे अवघड. मग लेखकाला नवे संकट सुचेपर्यंत नायकाची बुद्धी कमी करणे हा सोपा मार्ग ठरतो.

चूक आणि सोय

अर्थात, पात्राची प्रत्येक चूक ही लेखकाची चूक नसते. माणसे रागात, भीतीत आणि दुःखात चुकतात. नेटफ्लिक्सवरील ‘डेअरडेव्हिल’च्या २०१५ मधील पहिल्या पर्वात मॅट मर्डॉकही मित्रापासून रहस्य लपवतो. पण ते उघड झाल्यावर त्या दुखावलेल्या मैत्रीला जवळपास अख्खा एक भाग दिला जातो. २०२१ च्या ‘वँडाव्हिजन’मध्ये शोकाने खचलेली वँडा एका संपूर्ण गावाला वेठीस धरते. तिचे वागणे समर्थनीय नाही, पण समजण्याजोगे आहे. या पर्वांचे भाग अनुक्रमे तेरा आणि नऊ होते, हा निव्वळ योगायोग नव्हे.

चूक आणि सोय यांतील फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हा निर्णय त्या पात्राच्या स्वभावातून आला आहे का? त्याच्यासमोरचा सोपा पर्याय का बंद होता, हे कथेने दाखवले आहे का? आणि त्या निर्णयाचा परिणाम पुढे टिकतो का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर प्रेक्षक नायकावर रागावेल, पण मालिका पाहत राहील. ती नकारार्थी असतील, तर त्याचा राग लेखकावर जाईल.

लेखकांनाही याची जाणीव झालेली दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘सुपरमॅन अँड लुई’ या मालिकेत क्लार्कने आपल्या दोन्ही मुलांना पहिल्याच भागात सत्य सांगितले. रहस्य संपल्याने कथा संपली नाही. उलट सत्य कळलेल्या कुटुंबाने एकत्र कसे राहायचे, हा अधिक अवघड प्रश्न हाती आला आणि मालिका २०२४ पर्यंत चार पर्वे चालली. चाहत्यांचा संताप हा अनेकदा हट्ट म्हणून हसण्यावारी नेला जातो. पण ज्याला पात्राची पर्वा नाही, तो रागावत नाही, वाहिनी बदलतो. रागावणारा प्रेक्षक एवढेच सांगत असतो, की या माणसाला तुम्हीच आमच्याशी ओळख करून दिलीत. आता तो कसा आहे, हे तुम्ही तरी विसरू नका.