शिशाचा खुंट

'बॅटरी गेली' असं आपण सर्रास म्हणतो, पण कित्येकदा बॅटरी बिचारी ठणठणीत असते. बिघडलेला असतो तो तिच्या डोक्यावरचा शिशाचा खुंट, नाहीतर त्याला आवळून बसलेला वायरचा क्लॅम्प. बोलताना आपण दोघांनाही टर्मिनलच म्हणतो. वस्तू मुठीत मावेल एवढी. पण हिच्या दुरुस्तीला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आपल्या नांदेड-लातूरकडच्या गॅरेजवाल्यांचाही वाटा आहे. या शनिवार-रविवारी तेच लिहायला घेतलंय.

आधी थोडं गणित, कंटाळू नका. लहान गाडीचा स्टार्टरसुद्धा सुरू होताना दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्ये पांढरी-हिरवी बुरशी साचून ०.०१ ओहमचा जरी अडथळा तयार झाला, तरी तिथेच दीड व्होल्ट गळतात. तेच दिव्यांना लागतात जेमतेम दहा अँपिअर, म्हणजे त्यांचा तोटा ०.१ व्होल्ट. म्हणून दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि स्टार्टर मात्र नुसता 'टक' करून गप्प बसतो. अनुभवी मिस्त्री गणित न मांडता हे ओळखतो. तो क्लॅम्पला हात लावतो, तो गरम लागला की निदान झालं!

आता प्रश्न असा की हा खुंट शिशाचाच का? तांबं वीज कितीतरी चांगली वाहतं. पण आत आहे गंधकाम्ल. ते लोखंड, तांबं हळूहळू खातं. शिशावर मात्र सल्फेटची न विरघळणारी साय धरते आणि तीच त्याला वाचवते. फ्रान्सच्या गास्टों प्लांतेने १८५९ मध्ये शिशाची बॅटरी केली ती याच गुणावर. मोटारगाडीत ती अपरिहार्य झाली १९१२ मध्ये, चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला तेव्हा. हँडल मारायचं काम बॅटरीवर आलं आणि त्या खुंटातून एवढा मोठा करंट धावायला लागला.

शिशाचा दुसरा गुण म्हणजे ते ३२७ अंशांना वितळतं. तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणजे भट्टी-कारखाना नको, साध्या ज्योतीवर काम होतं. कल्हईवाला आणि भांड्याला डाग देणारा यांच्या हाताला जे वळण होतं, तेच इथे कामी यायचं. खुंट झिजला की उरलेल्या बुंध्याभोवती लोखंडी कडं साचा म्हणून ठेवायचं, बुंधा वितळेपर्यंत तापवायचा, वरून शिसं भरायचं, निवलं की कानशीने घासायचं. खुंट नवा!

आणि हा काही चोरटा उपाय नव्हता बरं का. जुन्या बॅटऱ्या बांधलेल्याच अशा असत की त्या उघडता याव्यात. काळ्या कडक रबराचा डबा, दोन-दोन व्होल्टचे वेगळे कप्पे, वरून डांबराची लांबी, आणि कप्पे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या चक्क उघड्यावर. एक कप्पा मेला तर तेवढाच काढून प्लेटी बदलायच्या. त्या काळच्या मोटार दुरुस्तीच्या पुस्तकांत यावर प्रकरणंच्या प्रकरणं असत. आपल्या भाषेत सांगायचं तर हे सगळं 'ओपन सोर्स' होतं.

मराठवाड्यात हे रुजायला कारणही होतं. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात, आणि लातूर त्याच संस्थानातल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये रस्ते वाहतूक खातं काढलं, २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन. गाड्या ब्रिटिश बनावटीच्या, म्हणजे सुटे भाग समुद्रापलीकडून. १९३९ ला महायुद्ध सुरू झालं आणि ते येणंही दुरापास्त झालं. पुढे १९४८, मग १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य बदललं, पण अंतर थोडंच बदलतं? नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर आणि मुंबई त्याच्या दुप्पट. त्यात १९५७ नंतर परकीय चलनाची चणचण आणि आयातीवर निर्बंध. 'ओरिजिनल' पार्टची वाट बघत ट्रक उभा ठेवणं मोंढ्यातल्या कुठल्या मालकाला परवडणार?

पुढे बॅटरी गाडीतून घरातही आली. १९८७-८८ ला रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, वीज नसलेल्या गावात ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्यावर टीव्ही चालवत. आणि २००५ नंतरचं भारनियमन तर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इन्व्हर्टरच्या उजेडात अभ्यास करून काढलंय! बॅटरी सारखी काढायची-घालायची, म्हणजे खुंट झिजणार, क्लॅम्प सैल होणार.

दरम्यान बॅटरी मात्र बंद होत गेली. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत प्लास्टिकचा सांधून टाकलेला डबा आला, कप्प्यांचे जोड आत गेले. यथावकाश आपल्याकडेही तेच. प्लेटी बदलणं संपलं. दुरुस्ती आक्रसत आक्रसत बाहेर उरलेल्या दोन खुंटांपाशी येऊन थांबली. त्यातच १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे खुंट जपानी मापाचे, बारीक. अँबॅसडर-फियाटचा क्लॅम्प त्यावर खुळखुळायचा. मग मध्ये शिशाची टोपी, नाहीतर पत्र्याची पट्टी, आणि अगदीच घाई असेल तर खिळा ठोकायचा.

खिळ्याचं कौतुक मी करणार नाही. ठोकाठोकीने खुंटाच्या बुडाचा सांधा फुटतो आणि आम्ल झिरपायला लागतं. स्वस्तातली नीट दुरुस्ती वेगळी आहे. आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचं, ब्रशने चकाकी आणायची. क्लॅम्प तडकला असेल तर वायर निरोगी भागापर्यंत कापून तांब्याचा लग दाबून बसवायचा आणि त्याला नवा पितळी क्लॅम्प. वरून व्हॅसलीन. जोडताना निगेटिव्ह शेवटी. ज्योत मात्र नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगी पुरते.

लातूरला माझ्या मावसभावाला एका सर्व्हिस सेंटरने अख्खी केबल बदलायला सांगितली होती. गंजगोलाईजवळचा मिस्त्री त्याला म्हणाला, "वायर चांगली हाय दादा, टोक गेलंय. टोकासाठी सगळी वायर कामून बदलायची?" बरोबर आहे. पण नव्या गाड्यांत आणखी एक पाचर आहे. निगेटिव्ह क्लॅम्पमध्येच करंट मोजणारा सेन्सर असतो, चिपसकट. तिथे क्लॅम्प बदलून सेन्सर वगळला तर गाडीच्या संगणकाला बॅटरीचा हिशोबच लागत नाही. म्हणजे शेवटच्या उघड्या जागेवरही आता सॉफ्टवेअरने कुलूप लावलंय. आमच्याच जातभाईंनी!

मग जुनं सगळं सोनं होतं का? नाही. शिसं सहज वितळतं म्हणून दुरुस्ती घराघरात पोचली, आणि त्याच कारणाने विषही. ओतकाम करणाऱ्याच्या हातावरची, कपड्यावरची धूळ घरी लेकरांपर्यंत जाते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण घातक पातळीवर आहे, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली, आणि मोठं कारण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणं. जुनी बॅटरी परत करण्याचा नियम आपल्याकडे २००१ पासून आहे, २०२२ च्या नव्या नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली. पण भंगारवाला दोन पैसे जास्त देतो, आणि आपण विचारत नाही की ती पुढे कुठे जाते.

मला वाटतं, यातून दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. क्लॅम्प, लग, वायर यांची दुरुस्ती जरूर करावी, करू द्यावी, आणि कंपन्यांकडे सुटा क्लॅम्प मागावा. शिसं ओतणं मात्र त्या उस्तादांबरोबर मानाने इतिहासात जाऊ द्यावं. आपले शंभर-दोनशे रुपये वाचवायला त्यांनी जे श्वासात घेतलं, त्याचं बिल आपल्याला कधी कुणी दिलंच नाही.