मिठाच्या भावाने गेलेला नीलम

मागच्या भागात आपण हिऱ्यांबद्दल बोललो आणि त्यानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांकडून आला. "सोनं घेऊन ठेवतो तसा एखादा चांगला खडा घेऊन ठेवावा का?" थेट उत्तर देण्याआधी मी तुम्हाला एका खाणीची गोष्ट सांगतो. उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे नीलम म्हटलं की आधी शनी आठवतो. साडेसाती आली की कुणीतरी खडा सुचवतं, मग तो उशाखाली ठेवून तीन रात्री स्वप्नं कशी पडतात ते बघायचं! पण जगभरचे संग्राहक ज्या नीलमासाठी कोट्यवधी मोजतात, त्याचा शनीशी काही संबंध नाही. तो आला काश्मीरच्या महाराजांच्या राज्यातून, आजच्या किश्तवाड जिल्ह्यातल्या पाडर भागातून.

साल साधारण १८८१. सुमजाम गावाच्या वर, जवळपास साडेचार हजार मीटर उंचीवर एक दरड कोसळली आणि आतले निळे खडे उघडे पडले. तिथल्या लोकांना ते काय आहे हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. लाहौलकडच्या व्यापाऱ्यांनी ते मिठाच्या बदल्यात घेतले आणि सिमल्याच्या बाजारात नेले, अशी हकीकत सांगतात. डोंगरातल्या माणसासाठी मीठ ही गरजेची वस्तू, आणि निळ्या दगडाचा त्याला काय उपयोग? त्यामुळे सौदा त्याला वाईट वाटला नसणार. सिमल्यात मात्र हा नीलम आहे हे जवाहिऱ्यांनी ओळखलं आणि भाव चढले.

बातमी महाराजा रणबीरसिंहांपर्यंत पोहोचली. त्यांनी खाणीवर पहारा बसवला. १८८२ पासून दरबारातर्फे काम सुरू झालं. वर्षातले जेमतेम तीन महिने तिथे बर्फ नसतं, तेवढ्यातच काय ते खोदायचं. सुरुवातीला मोठमोठे खडे हाती लागले. पण १८८७ मध्ये सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे ला टूश तिथे पोहोचले, तोवर मूळ खाण जवळपास रिकामी झाली होती. पाच-सहा उन्हाळे, बस्स! पुढे अनेकांनी पुन्हा खोदून पाहिलं, थोडंफार मिळालंही, पण पहिल्यासारखं घबाड कुणाच्या हाती लागलं नाही.

आता, या नीलमात असं वेगळं काय आहे? नीलम आणि माणिक हे दोघे एकाच खनिजाचे, कुरुंदाचे. धार लावायला वापरतात तोच कुरुंद. त्यात लोह आणि टायटॅनियमचा अंश आला की निळा रंग येतो. काश्मिरी नीलमाच्या आत शिवाय अतिसूक्ष्म कण असतात. ते प्रकाश पसरवतात आणि खडा मखमली, किंचित झोपाळू निळा दिसतो. म्हणजे शास्त्राच्या भाषेत ज्याला दोष म्हणावं, तेच इथे सौंदर्य झालं.

२०१५ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २७.६८ कॅरेटचा एक काश्मिरी नीलम सुमारे ६७ लाख डॉलरला गेला. तेव्हाच्या दराने चाळीस कोटींच्या वर. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा या खड्याचं वजन साडेपाच ग्रॅम. साधारण अर्धा तोळा!

आणि इथेच गोष्टीला खरं वळण आहे. १९७० च्या दशकापासून श्रीलंकेचे दुधाळ, बिनकामाचे दगड बँकॉकच्या भट्ट्यांत तापवून निळे करायला लागले. १९९० च्या दशकात मादागास्करला नवा नीलम सापडला, त्यातला काही तर काश्मिरीसारखाच दिसतो. मग नुसत्या डोळ्यावर विसंबून कसं चालेल? म्हणून मोठा सौदा आज प्रयोगशाळेच्या कागदावर होतो. आतले कण आणि रासायनिक अंश तपासून तिथले तज्ज्ञ दोन गोष्टी लिहितात: मूळ काश्मीर, आणि उष्णता दिल्याची खूण नाही. यात खड्याचं मूळ सांगणं म्हणजे त्या प्रयोगशाळेचं मत असतं. जन्मदाखला नव्हे. त्यामुळे एकाच खड्यावर दोन प्रयोगशाळांची दोन मतं पडू शकतात, आणि दोन मतांमधला फरक लाखांचा असतो.

तर मंडळी, प्रश्नाचं उत्तर. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात येतो. नीलमाचा तसा भाव नसतोच. प्रत्येक खडा वेगळा, आणि त्याची किंमत ठरते ती तेवढी देणारा माणूस भेटला तर. दुकानातून घेतलेला खडा त्याच दुकानात परत नेऊन बघा, म्हणजे कळेल. आवडला म्हणून जरूर घ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेचा दाखला बघून घ्या. पण मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्यात घालू नका.

पाडरच्या माणसाने नीलम दिला आणि मीठ घेतलं, यावर आपण हसतो. पण त्याने जे घेतलं त्याची किंमत त्याला नेमकी ठाऊक होती. आज खडा घेणाऱ्या किती जणांना ते म्हणता येईल?

पुढच्या भागात मोत्यांकडे वळू. तोवर नमस्कार.