ले व्हिझितर द्यू स्वार
ले व्हिझितर द्यू स्वार : (सायंकाळचे पाहुणे). मध्ययुगीन पार्श्वभूमीवरील प्रसिद्ध फ्रेंच अद्‌भुतरम्य प्रेमपट. दिग्दर्शक मार्सेल कार्ने (१९०६–९६). पटकथा व संवाद कवी झाक प्रेव्हेर (१९००–७७) व प्येर लारॉश ह्यांचे. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये ५ डिसेंबर १९४२ रोजी तो प्रथम प्रदर्शित झाला.

कार्ने व प्रेव्हेर ह्यांनी १९३८–३९ मध्ये समकालीन जीवनाचे विषण्ण दर्शन घडविणारे चित्रपट निर्माण केले होते. १९४० मधील पराभवानंतर जर्मन व व्हीशी शासनांच्या अभ्यवेक्षणामुळे असे विषय हाताळणे अशक्यप्राय झाले. दूरच्या भूतकाळाचा आश्रय घेणे, हाच त्यांतल्या त्यात सुरक्षित मार्ग उरला.

कथानक मे १४८५ मध्ये घडते. बॅरन ह्यूगच्या गढीत त्याची कन्या आन आणि सरदार रनो ह्यांच्या वाङ्‌निश्चयाची मेजवानी चालू असता, झील व दोमिनिक हे दोन भटके गायक तेथे येतात. मानवांना नैराश्याच्या खाईत लोटण्यासाठी सैतानाने धाडलेले ते दूत असतात. पुरुषवेषातील दोमिनिक बॅरन व रनो ह्या दोघांनाही मोहात पाडते. त्यांच्या द्वंद्वात रनो मारला जातो. झील मात्र आनला फसविण्याऐवजी तिच्यावर खरेखुरे प्रेम करू लागतो. ह्या अवज्ञेमुळे सैतान स्वतः अवतरतो व झीलची स्मृती हिरावून घेतो. परंतु प्रेमिकांची पुन्हा भेट होताच ती परत येते. संतप्त सैतान त्या दोघांचे पाषाणमूर्तींत रूपांतर करतो. तथापि पाषाणातही त्यांच्या हृदयांचे स्पंदन चालूच राहते. झील व आन ह्यांच्या भूमिका अनुक्रमे आलँ क्यूनी व मारी देआ ह्यांनी, तर दोमिनिकची आर्लेती हिने केली. झ्यूल बेरीने रंगविलेला खट्याळ, वाचाळ सैतान विशेष गाजला.

चित्रपटाची निर्मिती ज्या परिस्थितीत झाली, तिचे महत्त्व कथानकाइतकेच आहे. ऑक्टोबर १९४० च्या व्हीशी कायद्याने ज्यूंना चित्रपट व्यवसायातून वगळण्यात आले होते. नेपथ्यकार आलेक्सांद्र त्राउनर (१९०६–९३) व संगीतकार जोझेफ कॉस्मा (१९०५–६९) हे दोघेही हंगेरीत जन्मलेले ज्यू. त्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये आडोशाला राहून काम केले. श्रेयनामावलीत नेपथ्यासाठी झॉर्झ वाखेविच, तर संगीतासाठी मॉरिस तिरिये ह्यांची नावे झळकली. बेरीच्या ड्यूकसाठी पंधराव्या शतकात तयार झालेल्या सचित्र प्रार्थनाग्रंथातील लघुचित्रांवरून स्फूर्ती घेऊन नीस येथे शुभ्र गढीचा देखावा उभारण्यात आला. ही गढी फार नवी दिसते, असा आक्षेप घेण्यात आला. परंतु आज जीर्ण दिसणाऱ्या गढ्या त्या काळी नव्याच होत्या, हा विचार त्यामागे होता. अन्नटंचाई इतकी तीव्र होती, की मेजवानीच्या दृश्यातील फळे उपाशी साहाय्यक नटांनी खाऊ नयेत, म्हणून त्यांत कार्बॉलिक अम्ल टोचावे लागले, असे सांगितले जाते.

सैतान म्हणजे हिटलर आणि पाषाणातील स्पंदन म्हणजे परतंत्र, पण जिवंत फ्रान्स, असा अर्थ अनेकांनी लावला. तो लेखकांना मुळातच अभिप्रेत होता काय, ह्याविषयी मतभेद आहेत. सैतानाचे पात्र ह्या अर्थाला पूर्णपणे मिळत नाही. तो क्रूर असला, तरी विनोदीही आहे. ह्याउलट अखेरच्या दृश्याचा अर्थ त्या काळच्या प्रेक्षकाला कोणी समजावून देण्याची आवश्यकता नव्हती. संथ गती व काव्यात्म संवादांचा आलंकारिकपणा हे ह्या चित्रपटाचे दोष मानले जातात. परंतु उघड बोलण्यास मनाई असता रूपककथा कोणते कार्य करू शकते, ह्याचे तो उत्तम उदाहरण ठरतो.

कार्ने व प्रेव्हेर ह्यांच्या ले झांफां द्यू पारादी ह्या पुढील चित्रपटासाठीही त्राउनर व कॉस्मा ह्यांनी असेच अज्ञातवासात काम केले. तो मार्च १९४५ मध्ये, पॅरिस मुक्त झाल्यानंतर, प्रदर्शित झाला. त्यामुळे त्याच्या श्रेयनामावलीत ह्या दोघांची नावे, त्यांच्या गुप्त सहकार्याच्या स्पष्ट उल्लेखासह, देता आली.