फीड्राच्या हातातली पाटी

युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’ नाटकाच्या मध्यावर एक प्रेत आहे आणि त्याच्या हाताला मेणाची पाटी बांधलेली आहे. प्रवासाहून परतलेल्या थीसिअस राजाला राणीने, फीड्राने, गळफास घेतल्याचे कळते. तो पाटीचा दोरा सोडतो आणि मनातल्या मनात वाचतो. प्रेक्षकाला मजकुरातले एक वाक्यही ऐकू येत नाही. ऐकू येतो तो राजाचा आक्रोश. आपल्या मुलाने, हिपोलिटसने, तिच्यावर बळजबरी केली! हे खोटे आहे, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक आहे.

कथेचा साचा आपल्याला परका नाही. सावत्र मुलावर मन जडलेली राणी, त्याचा नकार, मग तिचा सूड. आपल्या चौरंगीनाथाचे हातपाय अशाच कांगाव्याने तुटले, आणि अशोकपुत्र कुणालाचे डोळे तिष्यरक्षितेपायी गेले. तिथे राणी दुष्ट ठरते आणि विषय संपतो. फीड्रापाशी तो संपत नाही.

युरिपिडीसने ही कथा दोनदा लिहिली. पहिले नाटक हरवले, तुटक ओळी तेवढ्या उरल्या. त्यातली फीड्रा निर्लज्जपणे स्वतःच मागणी घालत असे, असे समजले जाते. दुसऱ्यात नाटककाराने अशोभनीय भाग दुरुस्त केला, अशी प्राचीन टिपणी आहे. या दुसऱ्या नाटकाला इ.स.पू. ४२८ मध्ये पहिले बक्षीस मिळाले. तरी इ.स.पू. ४०५ च्या ‘बेडूक’ या प्रहसनात ॲरिस्टोफेनिसने त्याला फीड्रावरून टोमणा मारलाच.

ही दुसरी फीड्रा तीन दिवस उपाशी पडून आहे. ॲफ्रोडायटीने हिपोलिटसवरचा राग काढण्यासाठी तिला हत्यार केले आहे, हे तिला माहीत नाही. आधी गप्प राहून पाहिले, मग मन आवरून पाहिले, आता मरायचे, असे ती ट्रोझेनच्या बायकांना सांगते. बोलण्याच्या ओघात ‘आयडॉस’ हा शब्द येतो. मला ग्रीक येत नाही. इंग्रजी भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून वाचतो. प्रत्येक भाषांतरकार या शब्दापाशी अडखळतो. मराठीत मात्र दोन शब्द तयार आहेत : लाज आणि भीड. लाजेमुळे फीड्रा गप्प राहते. म्हातारी दाई हात धरून, पाया पडून विनवते, तेव्हा भिडेपोटी बोलते. तेही नाव न घेता. नाव दाई घेते. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती मरणाची बहीण ठरते. दाई हिपोलिटसला शपथ घालून सारे सांगते आणि दाराआडून त्याचा संताप फीड्राच्या कानी पडतो.

आता तिला मुलांची अब्रू दिसते. अथेन्समध्ये त्यांनी ताठ मानेने वावरावे म्हणून ती पाटी लिहिते, आणि त्या गर्विष्ठाला धडा मिळावा म्हणूनही. माझ्या मते युरिपिडीसची हिंमत इथे आहे. त्याने राणीला जितके सभ्य केले, तितकी पाटी भयंकर झाली. निरपराध तरुणाचा जीव वासनेने जात नाही, अब्रूच्या काळजीने जातो. शपथेने बांधलेला हिपोलिटस तोंड उघडत नाही, बापाचा शाप समुद्रातून बैल होऊन येतो.

पुढच्यांना हे सोसले नाही. सेनेकाची फीड्रा आरोप तोंडाने करते आणि शेवटी कबुलीही देते. रासीनने १६७७ मध्ये तर आरोप दाईच्या तोंडी घातला. चहाडी राजकन्येला शोभत नाही, असे त्याने प्रस्तावनेत लिहिले. मला ही सोय वाटते. फीड्राची कीव करायची तर पाटीसकट करावी लागते.

युरिपिडीसच्या नाटकाच्या शेवटी आर्टेमिस मरणाऱ्या हिपोलिटसला वचन देते की लग्नाआधी ट्रोझेनच्या मुली त्याच्यासाठी केस कापतील, आणि त्यांच्या गाण्यात फीड्राचे प्रेमही गाइले जाईल. जे झाकायला ती मेली, ते नवऱ्या मुलींच्या तोंडी! इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस तिथे गेला तेव्हा केस वाहण्याची चाल चालू होती. त्याला एक मेंदीसारखे झुडूपही दाखवण्यात आले. व्यायाम करणाऱ्या हिपोलिटसकडे पाहताना फीड्रा केसांतल्या आकड्याने त्याची पाने टोचत बसे, असे गावकरी सांगत. पानांना भोके होती. तिची कबर जवळच होती.