ईएसएक्सआय होस्टवरील फसलेले अपडेट
व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टवर अपडेट फसले की संशय नव्या आवृत्तीवर जातो. पण पुष्कळदा दोष आधीपासून बसलेल्या ड्रायव्हर-पॅकेजांत असतो. नोव्हेंबर 2021 मध्ये ईएसएक्सआय 7.0 अपडेट 3 मागे घ्यावे लागले, त्यामागे इंटेलच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ‘आय40ईएन’ आणि ‘आय40ईएनयू’ अशा दोन नावांनी होस्टवर राहणे हे मोठे कारण होते. म्हणून आधी ‘ईएसएक्सअपडेट’ लॉग वाचावा. अडलेले पॅकेज बहुधा तिथेच सापडते. नव्याने इन्स्टॉल करणे झटपट होते, हा आक्षेप खरा आहे. परंतु सर्व्हर-उत्पादकाच्या इमेजमधून तोच ड्रायव्हर परत येऊ शकतो आणि पुरावाही हातचा जातो. शिवाय अपडेट पर्यायी बूटबँकेत, म्हणजे बूटच्या दुसऱ्या विभागात, लिहिले जात असल्याने बूट होताना शिफ्ट-आर दाबून आधीच्या आवृत्तीवर मागे फिरता येते. 6.7 वरून 7.0 वर जाताना मात्र डिस्कची मांडणीच बदलते. तिथे ही सोय नाही.